हिमवादळाआधीचं घर

२०२१च्या फेब्रुवारीत उत्तर ध्रुवाकडची गार हवा खाली उतरली आणि अमेरिकेतल्या टेक्सास राज्यावर येऊन बसली. १६ फेब्रुवारीला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत घसरला. त्या शहरानं १९४९नंतर एवढी थंडी पाहिली नव्हती. घरोघरचे हीटर एकाच वेळी सुरू झाले आणि विजेची मागणी चढत गेली. नेमक्या त्याच वेळी नैसर्गिक वायूच्या विहिरींवरची यंत्रणा गोठली, वायूचा पुरवठा आटला आणि वीजनिर्मितीचे संच एकामागून एक बंद पडू लागले. १५ फेब्रुवारीला मध्यरात्र उलटल्यावर राज्याचं वीजजाळं पूर्ण कोसळण्यापासून अवघी ४ मिनिटं ३७ सेकंद दूर होतं. ते वाचवण्यासाठी पुरवठा कापावा लागला आणि ४५ लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज गेली. कित्येकांकडे ती दिवसचे दिवस आली नाही. सरकारी नोंदीनुसार या आपत्तीत २४६ माणसं दगावली. त्यांपैकी १६१ जणांचा बळी थेट थंडीनं घेतला.

उणे १९ अंश म्हणजे फार झालं, असं आपल्याला वाटतं. पण त्याच देशात उत्तरेला असलेल्या मिनेसोटात जानेवारीत एवढ्या थंडीची बातमीसुद्धा होत नाही. शाळा भरतात, बस धावतात, लोक कामावर जातात. हा फरक घरांमुळे पडतो. टेक्सासची घरं उन्हाळ्याशी लढण्यासाठी बांधलेली आहेत. अनेक घरांत पाण्याचे नळ माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात, कारण तिथे ते गोठतील असं कुणाच्या मनात येत नाही. वीज गेली, घर काही तासांत गार पडलं, नळ फुटले आणि छतातून पाणी गळू लागलं. वीज परतल्यावर बऱ्याच कुटुंबांना गोठलेल्या घराऐवजी भिजलेलं घर ताब्यात मिळालं.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की इशारा दहा वर्षं आधी मिळाला होता. २०११च्या फेब्रुवारीत अशाच थंडीनं टेक्सासची वीज गेली होती. यंत्रणा थंडीसाठी सज्ज करा, असं केंद्रीय नियामकांनी अहवालात सांगितलं होतं. तशी सक्ती झाली नाही. ती करणारा कायदा २०२१च्या संकटानंतर आला.

म्हणून या प्रकरणाचा भर एकाच प्रश्नावर आहे. घर गरम करण्याचं यंत्र किती मोठं, हे आपण घर घेताना विचारतो. ते यंत्र बंद पडल्यावर घर आतल्या माणसांना किती तास सांभाळेल, हे मात्र विचारत नाही. महाराष्ट्रातून न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो किंवा डॅलसला जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न विचारायची सवय असण्याचं कारणच नाही. आपली घरं ऊन आणि पाऊस यांच्यासाठी बांधलेली असतात. थंडीपासून घर राखण्याचं शहाणपण आपल्याला वारशानं मिळालेलं नाही. ते शिकून घ्यावं लागतं.

ऊब कुठून निसटते

थंडी घरात शिरते, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात घरातली उष्णता बाहेर जात असते. ती दोन वाटांनी जाते. एक वाट भिंती, छत आणि काचा यांच्यामधून. दुसरी फटींमधून वाहणाऱ्या हवेबरोबर. पहिल्या वाटेवर इन्सुलेशनचा पहारा असतो. काचतंतूंची लादी असो वा कागदाच्या लगद्याचे तंतू, उष्णता अडवते ती त्यांच्यात कोंडलेली, न हलणारी हवा. म्हणूनच माळ्यावरच्या इन्सुलेशनवर जड खोकी रचून ते दाबलं की त्याचं काम कमी होतं.

दुसरी वाट जास्त फसवी आहे. उबदार हवा हलकी असते, ती वर चढते आणि माळ्याकडच्या फटींतून निसटते. तिची जागा घ्यायला तळघरातून आणि खालच्या दारा-खिडक्यांतून गार हवा आत ओढली जाते. घर जितकं उंच आणि बाहेरची थंडी जितकी कडक, तितका हा ओढा जोरात. पायांना झुळूक लागते म्हणून आपण दाराखाली कापड कोंबतो. पण झुळुकीचं मूळ अनेकदा दोन मजले वर असतं. माळ्यावर जायचं झाकण, छतातल्या दिव्यांभोवतीची भोकं, धुराड्याभोवतीची मोकळी जागा, वायरी आणि नळ जिथून वर जातात ती छिद्रं, ही सगळी आधी बुजवावी लागतात. धुराड्याच्या तापणाऱ्या भागाजवळ मात्र न जळणारंच साहित्य वापरायचं. माळ्यावर इन्सुलेशनचा जाड थर घालायचा तो या फटी बुजवल्यानंतर. उलट क्रमानं काम केलं तर हवा त्या थरातून वाहत राहते आणि पैसे वाया जातात.

फटी शोधायला महागडं यंत्र लागत नाही. वारा असलेल्या दिवशी दारं-खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातले आणि न्हाणीघरातले हवा बाहेर फेकणारे पंखे सुरू करा आणि पेटलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती, विजेच्या प्लगांजवळ, भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यावरून सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर जागा ठीक आहे. तो आडवा झाला, थरथरला, की तिथे फट आहे. अमेरिकेचं ऊर्जा खातंही हीच युक्ती सांगतं. पडद्यांपासून उदबत्ती दूर धरायची, एवढं भान ठेवलं की झालं. न हलणाऱ्या फटींत कॉक, म्हणजे फटी बुजवायची लवचिक लुकण, भरायचं. दारं आणि खिडक्यांचे सरकते भाग यांना रबराची किंवा फोमची पट्टी लावायची. दाराच्या तळाशी ब्रशाची पट्टी बसवायची.

खिडक्या बदलणं हे सर्वांत खर्चिक काम आहे आणि ते सर्वांत शेवटी आलं तरी चालतं. जुन्या एकेरी काचेवर आतून पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा ताणून लावला आणि केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा मारून घट्ट केला, तर मधे हवेचा थर अडकतो आणि फरक लगेच जाणवतो. भाड्याच्या घरातही हे करता येतं. जाड पडदे रात्री ओढायचे. दक्षिणेकडच्या खिडक्यांचे पडदे दिवसा उघडायचे, म्हणजे ऊन आत येतं.

फटी बुजवल्यावर एक पथ्य पाळायचं. घरातली वाफ आता सहज बाहेर जात नाही. कुकरच्या शिट्या, उकळणारी आमटी, आत वाळत घातलेले कपडे, गरम पाण्याची आंघोळ यांची वाफ गार काचेवर आणि बाहेरच्या भिंतीवर जाऊन थेंब धरते. भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे बुरशी धरते ती त्यामुळेच. स्वयंपाक आणि आंघोळ यांच्या वेळी पंखा लावायचा आणि कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढून ठेवायचं.

नळ का फुटतात

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकवलेलं असतं. त्यावरून वाटतं, की बर्फ फुगून नळीला आतून फोडत असावा. प्रत्यक्षात नळी बऱ्याचदा बर्फ असतो तिथे फुटत नाही. नळीत बर्फाचा बूच तयार होतो आणि वाढत जातो. बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला जागा नसते. बर्फ वाढतो तसा त्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि नळी तिच्या सर्वांत कच्च्या ठिकाणी फुटते. ते ठिकाण गोठलेल्या भागापासून दूरही असू शकतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी नळांवर प्रयोग करून हे दाखवलं. इन्सुलेशन नसलेल्या नळांसाठी बाहेरचं तापमान उणे ७ अंशांच्या आसपास आलं की सावध व्हायचं, हा निकषही त्याच कामातून आला.

दाबाची ही गोष्ट समजली की तोटी थोडी सोडून ठेवण्याचा सल्ला का देतात हे कळतं. बारीक धारेमुळे पाणी गोठणारच नाही, असं नाही. पण गोठलं तरी दाबाला वाट मिळते आणि नळी वाचते. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीवरच्या नळांची गरम आणि गार, दोन्ही पाणी येणारी तोटी बारीक सोडायची. ओट्याखालच्या आणि बेसिनखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायची, म्हणजे खोलीतली ऊब नळांपर्यंत पोचते. त्या कपाटातली फिनेल, ॲसिड यांसारखी द्रव्यं मात्र लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी आधी हलवायची.

बाकीचं काम ऑक्टोबरमध्येच उरकायचं. बागेतली रबरी नळी तोटीपासून काढून ठेवायची. ती जोडलेली राहिली तर तोटीत पाणी अडकतं आणि भिंतीच्या आत गोठतं. बाहेरच्या नळाला आतून वेगळा व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करून नळ रिकामा करायचा. तळघर, माळा, गॅरेज यांतल्या उघड्या नळ्यांवर फोमची नळकांडी चढवायची. नळाजवळच्या भिंतीतली भोकं बुजवायची, कारण थेट नळीवर येणारी गार झुळूक तिला फार लवकर गोठवते. डिसेंबरच्या सुट्टीत भारतात येणाऱ्यांनी हीटर पूर्ण बंद करण्याचा मोह टाळावा. थर्मोस्टॅट १३ अंशांच्या खाली नेऊ नये, मुख्य पाणीपुरवठा बंद करून नळ रिकामे करावेत आणि शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी.

तोटीतून पाणी येईनासं झालं तर नळ गोठला आहे असं समजायचं. तोटी उघडी ठेवून, तोटीच्या बाजूनं सुरुवात करत नळीला केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा किंवा गरम पाण्यात पिळलेले टॉवेल लावायचे. आजूबाजूला पाणी साचलं असेल तर विजेचं यंत्र हातात घ्यायचं नाही. मशाल, मेणबत्ती, स्टोव्ह यांची ज्योत नळाला कधीच लावायची नाही. त्यातून घरं पेटली आहेत.

छप्पर, वळचण आणि अंगण

बर्फ पडल्यावर वळचणीला लोंबणाऱ्या काचेसारख्या पागोळ्या पाहून नव्यानं आलेली माणसं हरखून जातात. जाणकार मात्र त्या पाहून माळ्याची चौकशी करतात. घरातली ऊब माळ्यात निसटत असेल तर छप्पर मधल्या भागात कोमट राहतं आणि तिथला बर्फ तळातून वितळतो. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. वळचणीखाली घर नसतं, ती बाहेरच्या हवेइतकीच गार असते. पाणी तिथे पुन्हा गोठतं. असा थर साठत जाऊन बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्याच्यामागे तुंबतं, छपराच्या पट्ट्यांखाली शिरतं आणि भिंतीतून घरात उतरतं. यावरचा खरा उपाय माळ्यावरच्या फटी बुजवणं, इन्सुलेशन वाढवणं आणि माळ्यात बाहेरची हवा खेळती ठेवणं हा आहे. तात्पुरता उपाय म्हणजे लांब दांड्याच्या फावड्यानं जमिनीवर उभं राहून वळचणीचा बर्फ ओढून काढणं. शिडी लावून बर्फाळ छपरावर चढणं हा उपायच नव्हे. पानगळ संपल्यावर पन्हळी साफ केल्या नाहीत तर हे दुखणं आणखी वाढतं.

अंगणातला बर्फ उपसणं दिसायला साधं काम आहे, पण हृदयावर त्याचा भार मोठा पडतो. गार हवेनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यात हातांनी जड वजन उचलायचं, तेही श्वास रोखून. अमेरिकेत बर्फ उपसताना दरवर्षी हजारो लोक जायबंदी होतात आणि अनेकांना हृदयविकाराचा झटका येतो. भारतीय उपखंडातल्या लोकांत हृदयविकार तुलनेनं कमी वयात दिसतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या मराठी माणसानं हे काम पैसे देऊन करून घेण्यात कसलाही कमीपणा मानू नये. करायचंच असेल तर बर्फ पडत असतानाच थोडा थोडा काढावा, उचलण्यापेक्षा ढकलावा, मधे मधे थांबावं. छातीत दाब, हातात कळ, दम लागणं यांपैकी काहीही झालं तर फावडं टाकून थेट रुग्णवाहिका बोलवावी.

घसरू नये म्हणून पायवाटेवर मीठ टाकतात. साधं मीठ उणे ९ अंशांच्या आसपास फारसं काम देत नाही. त्याहून गार असेल तर कॅल्शियम क्लोराइड वापरतात, किंवा बूट रुतावा म्हणून वाळू पसरतात.

वीज गेल्यावर

गॅसवर चालणारा हीटर असला म्हणजे वीज गेली तरी घर उबदार राहील, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. गॅसच्या फर्नेसला हवा फिरवणारा पंखा आणि नियंत्रणाचं सर्किट यांसाठी वीज लागतेच. वीज गेली की बहुतेक फर्नेस बंद पडतात.

वीज किती काळ जाऊ शकते याचा धडा कॅनडानं १९९८च्या जानेवारीत घेतला. क्विबेक आणि पूर्व ओंटारिओत सलग काही दिवस पाऊस पडला आणि तो जिथे टेकला तिथे गोठला. तारांवर, झाडांवर, मनोऱ्यांवर बर्फाचं जाड कवच चढलं. त्या ओझ्यानं उच्चदाब वाहिन्यांचे सुमारे एक हजार पोलादी मनोरे आणि हजारो लाकडी खांब आडवे झाले. क्विबेकमध्ये जलविद्युत स्वस्त असल्यामुळे बहुतेक घरं विजेवरच गरम केली जातात. म्हणजे वीज गेली तशी ऊबही गेली. पाणी शुद्ध करणारी आणि उपसणारी केंद्रं बंद पडल्यानं माँट्रियल शहरात काही तासांपुरतंच पाणी उरलं होतं. मदतीसाठी कॅनडाच्या सैन्याचे पंधरा हजारांहून अधिक जवान उतरवावे लागले. माँट्रियलच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात काही घरांना महिनाभर वीज मिळाली नाही.

महिनाभराची तयारी प्रत्येकाला जमणार नाही. तीन दिवसांची मात्र जमलीच पाहिजे. माणशी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी, शिजवावं न लागणारं अन्न, विजेऱ्या आणि सेल, बॅटरीवर चालणारा रेडिओ, मोबाइलसाठी भारलेली पॉवरबँक, नेहमीची औषधं, लहान मुलांचं दूध. दशम्या, चिवडा, लाडू, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की असा प्रवासाचा फराळ इथे अगदी योग्य ठरतो, कारण तो टिकतो आणि त्यात पोटाला आधार देणारी ताकद असते. अंगात उष्णता तयार व्हायची तर पोटात अन्न हवं.

फ्रिज उघडला नाही तर त्यातले पदार्थ चार तास सुरक्षित राहतात. गच्च भरलेला डीप फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. फ्रिज बंद पडला म्हणून इन्सुलिन खिडकीबाहेरच्या बर्फात ठेवू नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरण्याजोगं राहत नाही.

वीज गेल्यावर सगळं घर उबदार ठेवण्याचा नाद सोडायचा. एक खोली निवडायची, शक्यतो लहान, कमी खिडक्यांची किंवा दक्षिणेकडची. सगळ्यांनी तिथे यायचं, बाकीची दारं बंद करायची, खिडक्यांवर ब्लँकेट टांगायची, जमिनीवर गालिचे आणि गाद्या घालायच्या. स्वस्थ बसलेल्या प्रत्येक माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते. चार-पाच माणसं एका लहान खोलीत असली तर त्यांचीच ऊब खोलीला पुरेशी मदत करते. अंगात एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. ओले मोजे, ओलं स्वेटर ताबडतोब बदलावं.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते, मग बोबडी वळते, हातातून वस्तू पडतात, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, त्याला झोप येते. कापरं थांबलं म्हणजे बरं वाटू लागलं, असं मुळीच नाही. ते प्रकृती बिघडल्याचं लक्षण आहे. म्हाताऱ्या माणसांना गारठ्याची जाणीव उशिरा होते. मधुमेहींच्या पायांना बधिरपणामुळे ती होतही नाही. मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना "थंडी वाजतेय का?" एवढं विचारून थांबू नये; त्यांचे हात-पाय हातात घेऊन पाहावेत. छाती, मान आणि पोट आधी उबदार करावं, शुद्धीवर असतील तर गरम गोड पेय द्यावं आणि वैद्यकीय मदत मागवावी. दारूनं ऊब आल्यासारखी वाटते, पण त्वचेकडचं रक्त वाढून शरीर उलट लवकर गार पडतं.

दिसत नाही, वासही येत नाही

टेक्सासमधल्या २४६ बळींपैकी १९ जण कार्बन मोनॉक्साइडनं गेले. चौदाशेहून अधिक लोकांना त्याच विषबाधेसाठी रुग्णालयात धाव घ्यावी लागली. वीज नव्हती, मुलं कुडकुडत होती. कुणी कोळशाची शेगडी घरात आणली, कुणी गॅरेजमध्ये गाडी सुरू करून तिच्या उबेत बसलं, कुणी जनरेटर दाराशी लावला. यातला प्रत्येक जण आपल्या माणसांना वाचवू पाहत होता. म्हणूनच हा धोका शांतपणे, आधीच समजून घ्यायला हवा.

कोळसा, पेट्रोल, गॅस, लाकूड यांचं ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे शरीर आतून गुदमरतं. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा ही लक्षणं तापासारखीच वाटतात. घरातल्या सगळ्यांना एकदम डोकेदुखी सुरू झाली आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर हाच संशय आधी घ्यायचा, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे होणाऱ्या मृत्यूंमागेही हाच वायू असतो.

नियम थोडे आहेत आणि त्यांना अपवाद नाही. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह घरात किंवा गॅरेजमध्ये पेटवायचा नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. गॅसची शेगडी किंवा ओव्हन खोली गरम करायला वापरायचा नाही. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, खिडक्यांकडे धूर येणार नाही अशा दिशेला ठेवायचा आणि तो घराच्या वायरिंगला परस्पर जोडायचा नाही. ती वीज उलटी तारांत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव घेऊ शकते. नव्या फर्नेसचा धूर अनेकदा बाहेरच्या भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या नळीनं जातो. बर्फ साठून ती नळी बुजली का, हे वादळात पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

इशारा आणि वारा

हवामान खात्याचे इशारे पायरीपायरीनं येतात. अमेरिकेत 'वॉच' म्हणजे वादळाची शक्यता आहे, तयारी पुरी करा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ येतंय किंवा आलंय, आता बाहेर पडू नका. ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा आणि बर्फामुळे ४०० मीटरपलीकडचं न दिसणं, ही स्थिती तीन तास टिकली की तिला 'ब्लिझर्ड' म्हणतात.

इशाऱ्यात तापमानाबरोबर 'विंड चिल' सांगतात. अंटार्क्टिकावर पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या संशोधकांनी १९४१मध्ये प्लॅस्टिकच्या नळकांड्यांतलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं हे मोजलं; तिथून ही कल्पना पुढे आली. पारा उणे २० असताना ताशी ३० किलोमीटरनं वारा वाहत असेल तर उघड्या त्वचेला ते उणे ३३सारखं जाणवतं. अशा हवेत उघडे कान, नाक, बोटं दहा ते तीस मिनिटांत हिमदंशानं निकामी होऊ शकतात.

२०२२च्या नाताळात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरावर ब्लिझर्ड सलग ३७ तास टिकला. इरी सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यानं बर्फाचे ढीग लावले. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्याही अडकल्या. चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी अडकलेल्या गाडीत, कुणी रस्त्यावर, कुणी गार पडलेल्या घरात. बर्फाची सवय असलेल्या शहरात हे घडलं. अशा वादळात मदतीला येणारी माणसंही पोचू शकत नाहीत, हे गृहीत धरूनच घराची तयारी करावी लागते. गाडीतच अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. मागच्या नळीभोवतीचा बर्फ काढा आणि मगच इंजिन थोडा थोडा वेळ चालवा, नाहीतर तो विषारी वायू गाडीत भरतो.

कामांचा क्रम

कोकणात मिरगाच्या आधी घर शाकारून घेतात, कारण पाऊस लागल्यावर छपरावर चढता येत नाही. उत्तर अमेरिकेतल्या घराची कामंही तशीच हवामान साथ देतंय तोवर उरकावी लागतात. सप्टेंबरमध्ये फर्नेसची तपासणी करून घ्या, फिल्टर बदला, लाकूड जाळत असाल तर धुराडं साफ करून घ्या. त्यात साठलेली काजळी पेट घेते. ऑक्टोबरमध्ये फटी, नळ आणि बागेची तोटी. नोव्हेंबरमध्ये पन्हळी, फावडं, मीठ, गाडीचं गोठणविरोधी द्रव्य आणि तीन दिवसांचा शिधा. दुकानातलं मीठ, सेल आणि जनरेटर इशारा आल्यावर काही तासांत संपतात. भाड्यानं राहत असाल तर हीटर आणि नळ यांची जबाबदारी कुणाची, हे घरमालकाला लेखी विचारून ठेवा.

यातलं सगळं या वर्षी झालं नाही तरी चालेल. पण तीन कामं उद्यावर टाकू नका. घराचा मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून तो एकदा बंद-चालू करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची कळ दाबून तो वाजतो का ते तपासा. आणि तुमच्या गल्लीत एकटं राहणारं म्हातारं माणूस किंवा नुकतंच भारतातून आलेलं कुटुंब असेल, तर त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि पहिल्या इशाऱ्यालाच त्यांना फोन करा.